घुमरीच्या घशातले सोने

एका राज्यात सूर्य एका समुद्रातून उगवे आणि दुसऱ्या समुद्रात मावळे. राज्य म्हणजे जमिनीची एक लांबट जीभ. तिच्या उगवतीला एक महासागर, मावळतीला दुसरा. जिभेच्या टोकाशी, राज्याचा किनारा आणि पलीकडचे काळे कडे यांच्या मधून एक अरुंद सामुद्रधुनी होती. तिथे हे दोन महासागर एकमेकांना भेटत. तिचे नाव घुमरी.

घुमरीत वारा कधी पडत नसे. लाटा समोरासमोरून येत, एकमेकींवर आपटत आणि राजवाड्याच्या सज्ज्याइतक्या उंच उडत. त्या गर्जनेतून एक शब्द उठे आणि तो राज्यातल्या तान्ह्या मुलालाही कळे. घुमरी म्हणे, "अजून."

समुद्राला अजून हवे आहे, असा त्याचा अर्थ वडीलधाऱ्यांनी फार पूर्वीच लावून टाकला होता. म्हणून दर वर्षी पाऊस ओसरला की पुनवेच्या दिवशी राजा सोन्याचा नारळ घुमरीत सोडी. एका वर्षी पूर्वसागराच्या बाजूने सोडला, की पुढच्या वर्षी पश्चिमसागराचा मान राखण्यासाठी त्याहून वजनदार. मग पूर्वसागर रुसेल म्हणून त्याहून वजनदार. अशा पिढ्या गेल्या. पहिला नारळ मुठीत मावला होता. आताच्या नारळाला बैलगाडी लागे. वादळ मात्र दर वर्षी वाढतच गेले. वादळ वाढले की वडीलधारे माना डोलवत आणि म्हणत, नारळ हलका पडला.

हे ऐकून जिचे रक्त उसळे, अशी एकच मुलगी त्या राज्यात होती. तिचे नाव नवलाई.

नवलाईची आई हिराई गलबतावर तांडेल होती. गलबत तिच्या हुकमाने चाले. त्या वर्षी राज्यात पीक बुडाले, म्हणून मावळतीच्या बेटांवरून तांदूळ आणायला ती गेली. परतताना घुमरीने गलबत उचलले आणि सामुद्रधुनीतल्या मधल्या खडकावर नेऊन ठेवले. तिथे कुठलीही होडी जाऊ शकत नव्हती. आई आणि तिची माणसे जिवंत आहेत, हे किनाऱ्याला कळे ते धुरावरून. खडकावर झाड नाही, झुडूप नाही. पावसाचे पाणी खळग्यांत साचलेले, तांदूळ गोणीत, आणि सरपण म्हणून गलबताच्याच फळ्या. रोज सकाळी खडकावर धुराची रेघ उठे. इकडे नवलाई किनाऱ्यावर ओला पाला पेटवी आणि धुराला धूर दाखवी. मी पाहते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पण खडकावरची रेघ बारीक होत चालली. गलबत संपत आले होते.

अशाच एका सकाळी नवलाईचा मामा कोंडाजी तिच्या दारात आला. मामा राजाचा भालदार होता. दरबारात ललकारी द्यायची, हे त्याचे काम. आवाज डोंगराएवढा, धीर मात्र मुगाएवढा.

"पोरी," मामा म्हणाला, "राजगुरूंची आज्ञा आहे. घराघरातलं सोनं गोळा होतंय. या पुनवेचा नारळ आजवरचा सगळ्यात मोठा. तुझ्या नाकातली फुली तेवढी राहिली आहे."

"ती आईची आहे."

"आईसाठीच मागतो आहे. समुद्र शांत झाला की ती येईल."

"मागच्या वर्षी झाला होता शांत?"

मामा आकाशाकडे पाहू लागला.

"त्याच्या मागच्या वर्षी?"

"मोठ्यांना असं उलट विचारू नये, नवलाई."

"मग मोठ्यांनी सुलट उत्तर द्यावं."

छपरावर कोणीतरी हसले. तो कुरव होता, समुद्रावर उडणारा पांढरा पक्षी. त्या राज्यात कुरव बोलत, पण फुकट बोलत नसत.

"मासा दे," कुरव म्हणाला, "मग एक गोष्ट सांगतो."

नवलाईने दारापुढच्या वलांडीच्या दोरीवर वाळत टांगलेला बोंबील ओढून त्याच्याकडे फेकला.

"सुका आहे."

"सांगणं खरं निघालं तर ताजा देईन."

कुरवाने बोंबील गिळला, चोच पंखाला पुसली आणि म्हणाला, "मी उगवतीच्या समुद्रावर उडतो, मावळतीच्याही. खोल पाण्यावर कुणीच 'अजून' म्हणत नाही. ती हाक फक्त घुमरीच्या घशातून येते. लाटांतून नव्हे, तळातून."

"तळात काय आहे?"

"मला वरचं दिसतं. खालचं ज्यांना दिसतं त्यांना विचार. समुद्रांना विचार. तुम्ही लोक समुद्राला देता आणि पाठ फिरवून जाता. कुणी कधी विचारलंय, बाबा रे, तुला हवंय का?"

नवलाई उठली आणि तिने ओचा खोचला.

"कुठे निघालीस?" मामा घाबरून म्हणाला. "समुद्राशी बोलायचा अधिकार राजगुरूंचा."

"ते बोलतात, मामा. ऐकत कोणीच नाही." तिने पाला ढकलायची काठी त्याच्या हातात दिली. "मी येईपर्यंत हा धूर विझू देऊ नका."

"मी राजाचा भालदार. मी किनाऱ्यावर बसून धूर करू?"

"धूर दिसला नाही तर आईला वाटेल, मी बघायची थांबले."

मामाने तोंड वाकडे केले. पण काठी त्याने खाली टाकली नाही.

नवलाई उगवतीच्या किनाऱ्याला गेली. समुद्राकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असा त्या राज्याचा नियम होता. ती रिकाम्या हाताने गेली. कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट आली, तिच्याभोवती फिरली, पदर चाचपला आणि मूठ उघडून पाहिली.

"काय आणलंस?" समुद्राने विचारले.

"काही नाही."

"मग माग, काय मागायचं ते."

"मागायला आले नाही. विचारायला आले."

पाणी क्षणभर थबकले. "नाकात काय चमकतं आहे?"

"आईची फुली. ती देणार नाही."

यावर समुद्र हसला. तो असा हसला, की तळातले शंखशिंपले घरंगळत वाळूवर आले.

"हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. बोल, बाळ."

"सागरराज," नवलाईने हात जोडले, "आपण आणि पश्चिमसागरमहाराज कशासाठी भांडता?"

"राज कोण आणि महाराज कोण? आम्ही बहिणी आहोत. मी थोरली. मावळतीची माझी धाकटी."

नवलाईने आ वासला. "पण राजगुरू तर पिढ्यान्‌पिढ्या—"

"त्यांनी विचारलं नाही. आणि आम्ही भांडतही नाही. भरतीला मी तिच्याकडे जायची, ओहोटीला ती माझ्याकडे यायची. मी ऊन पाणी न्यायची, ती गार पाणी आणि मासे आणायची. आता दारातच काहीतरी अडकलंय. मी रेटते, तीही रेटते. तुम्ही किनाऱ्यावरून बघता आणि म्हणता, या भांडतात."

"आम्ही दर वर्षी सोन्याचा नारळ देतो. तो पोचत नाही?"

"कसला नारळ?" थोरली म्हणाली.

नवलाईने ओठ आवळले. घराघरातल्या बांगड्या, बाळांच्या बिंदल्या, म्हाताऱ्यांची जपून ठेवलेली पुतळ्यांची माळ, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"घशात काय अडकलं आहे ते माझ्या बाजूने दिसत नाही," थोरली म्हणाली. "धाकटीला दिसत असेल. तिच्याकडे जा आणि माझं पाणी ने. किती वर्षांत आम्ही एकमेकींना धड भेटलो नाही. पाणी सांडायचं नाही. वाटेत खाली ठेवायचं नाही. आणि जो कोणी 'अजून' म्हणेल त्याचं ऐकायचं नाही."

एका लाटेने तिच्या हातात करवंटी आणून ठेवली. साध्या, झाडावरच्या नारळाची करवंटी. तिच्यात काठोकाठ समुद्र होता.

उगवतीपासून मावळतीला जायचे तर राज्याच्या मधला डोंगर ओलांडावा लागे. नवलाई दोन्ही हातांत करवंटी धरून चढू लागली. जसजशी ती वर गेली, तसतशी घुमरीची गर्जना खाली राहिली. माथ्याजवळच्या खिंडीत तर ती मुळीच ऐकू येईना. जन्मल्यापासून तिच्या कानांत ती गर्जना होती. आज प्रथम तिला शांतता ऐकू आली.

आणि शांततेत तिला वाटले, करवंटी लहान आहे. परत जाऊन अजून पाणी घ्यावे. पाय वळले. मग तिला थोरलीचे शब्द आठवले आणि तिने पाय सरळ केले.

थोडी पुढे गेल्यावर तिला वाटले, दमलो आहोत. त्या सावलीत बसावे, अजून थोडे बसावे. गुडघे वाकले. तिने ते ताठ केले.

तिसऱ्या वेळी मात्र ते मनातून आले नाही. तो आवाज होता. बारीक, लाडावलेल्या पोरासारखा, अगदी तोंडाजवळ.

"अजून."

तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. खिंडीत कोणी नव्हते.

"अजून," आवाज पुन्हा म्हणाला, आणि तिच्या नाकातली फुली थरथरली.

नवलाई जागच्या जागी थांबली. एवढीशी फुली, मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि ती मागत होती. किनाऱ्यावरच्या गोंगाटात ती रोजच मागत असणार. आज गोंगाट नव्हता म्हणून ऐकू आली.

"पुरे," नवलाई म्हणाली. गलबतावर कोणी उगाच बडबड करू लागला की आई ज्या सुरात म्हणे, त्याच सुरात.

फुली गप्प झाली.

घुमरीतून हाक कोण देत होते, ते नवलाईला तिथे, त्या खिंडीत कळले. ती इतकी संतापली, की करवंटीतले पाणी हिंदकळून काठावर आले. पण तिने एक थेंब सांडू दिला नाही.

मावळतीचा समुद्र करडा आणि गार होता. तिचे पाऊल पाण्याला लागले न लागले, तोच बोलणे सुरू झाले.

"फार उशीर केलास."

"मी वाटेत कुठे बसले नाही."

"तुला नाही म्हणत. तुमच्या राज्याला म्हणते. काय आणलंस? सोनं असेल तर परत ने."

"तुमच्या ताईचं पाणी आणलं आहे."

धाकटी एकदम गप्प झाली. एक लाट हलकेच पुढे आली आणि तिने करवंटीला तोंड लावले. अर्धे पाणी तिने घेतले. दूरवर तिचा करडा रंग निवळत गेला.

"ताईच्या पाण्याला ऊन लागलेलं असतं," ती म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. "विचार, काय विचारायचं आहे."

"घुमरीच्या घशात सोनं अडकलं आहे. तेच 'अजून' म्हणतं. ते तिथे आलं कसं?"

"तुझं तुलाच कळलं म्हणजे. मग ऐक. तुमच्या आताच्या राजाचा पणजोबा होता वज्रधर. त्याने एका मांत्रिकाला सांगितलं, माझं सोनं वाढेल असं कर. मांत्रिकाने सोन्याला वाचा दिली. ते 'अजून' म्हणे आणि जिथे असेल तिथलं सोनं त्याच्याकडे घरंगळत येई. ती हाक ज्या सोन्याच्या कानी पडे, तेही तसंच म्हणू लागे. खजिना भरला. पण हाक थांबेना. राजाला जेवण जाईना, झोप लागेना. शेवटी त्याने सगळ्यात आधी बोलू लागलेला गोळा होडीत घातला, कानांत कापूस कोंबला आणि घुमरीत आणून फेकला. मी पाहत होते. किनाऱ्यावर लोक जमले होते. त्यांनी विचारलं, महाराज, हे काय? तो म्हणाला, समुद्राला मान दिला."

"आणि लोकांनी मान डोलवली," नवलाई म्हणाली.

"दर वर्षी डोलवतात."

"हे मोडायचं कसं?"

"सोनं फक्त धन्याचं ऐकतं."

नवलाईने फुलीला बोट लावले. "ते कळलं."

"मग राजाला आण. त्याने त्या ढिगावर हात ठेवून 'हे आमचं आहे' म्हणायला हवं आणि मग 'पुरे' म्हणायला हवं."

"दिलेलं पुन्हा आपलं म्हणणं आमच्याकडे फार मोठी नामुष्की समजतात."

"म्हणून तर आजवर कुणी केलं नाही," धाकटी म्हणाली. तिने करवंटी आपल्या पाण्याने पुन्हा काठोकाठ भरली. आता तिच्यात दोघींचे पाणी होते. "हे घुमरीत ओत. एका होडीपुरती वाट निवळेल. जाऊन येण्यापुरतीच. दुसऱ्यांदा होणार नाही, हे लक्षात ठेव."

नवलाई घुमरीच्या किनाऱ्यावर पोचली ती पुनवेच्या सकाळी. आधी तिने मधल्या खडकाकडे पाहिले. रेघ दिसेना. तिने डोळ्यांवर हात धरला. मग दिसली, केसाएवढी, वाऱ्यात तुटणारी. अलीकडे वाळूत मात्र धुराचा लोट उठत होता, आणि त्याच्याजवळ काळ्या तोंडाचा, लाल डोळ्यांचा मामा खोकत बसला होता.

"दरबारातून चार वेळा बोलावणं आलं," मामा म्हणाला. "नाही गेलो. हा तुझा पाला नजर हलवू देत नाही."

नवलाईने त्याच्या पायांना हात लावला आणि गर्दीत शिरली.

किनाऱ्यावर सगळे राज्य लोटले होते. गाड्यावर सोन्याचा नारळ, बसलेल्या बैलाएवढा. त्याच्यापुढे राजा मेघसेन. तो म्हातारा, मऊ आणि कुणालाच नाही म्हणू न शकणारा माणूस होता. त्याच्या शेजारी राजगुरू.

"थांबा," नवलाई म्हणाली. "हा नारळ पाण्यात जाता कामा नये."

"कोण ही?" राजगुरू म्हणाले. "रिकाम्या हाताने समुद्रापाशी आली आहे?"

"हात भरलेले आहेत. नीट पाहा. महाराज, 'अजून' समुद्र म्हणत नाही. सोनं म्हणतं. या नारळाला कान लावा."

"महाराज कान लावणार नाहीत," राजगुरू म्हणाले.

"मग तुम्ही लावा."

"ऐकणे हे आमचे काम नव्हे. सांगणे हे आमचे काम."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसले. राजाने इकडे तिकडे पाहिले. मग म्हातारी पाठ वाकवून त्याने सोन्याला कान लावला. सगळा किनारा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तो चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"आमच्या लहानपणी," राजा सावकाश म्हणाला, "वाड्यात एक डबी होती. तिच्यात कापसाचे दोन बोळे होते. पणजोबांचे बोळे म्हणून देवघरात पुजत. कशाचे ते आम्हाला कोणी सांगितले नाही."

नवलाईने थोडक्यात सगळे सांगितले. ती थांबल्यावर राजगुरू म्हणाले, "महाराज, दिलेले परत आपले म्हणालात, तर थोर वज्रधरमहाराजांच्या अब्रूचे काय होईल?"

"त्यांची अब्रू पाण्याखाली आहे," नवलाई म्हणाली. "माझी आई पाण्यावर आहे. मी तिच्यासाठी होडी काढते आहे. महाराजांनी यायचं की नाही, ते महाराजांनी ठरवावं."

राजाने खडकावरच्या त्या केसाएवढ्या रेघेकडे पाहिले आणि जोडे काढले.

कोणी नावाडी पुढे आला नाही. होडीत दोघेच बसले, नवलाई आणि राजा. तिने करवंटी कलती केली. ऊन पाणी आणि गार पाणी एका धारेने घुमरीत पडले. धार जिथे पडली, तिथून एक निळी, सपाट पट्टी उलगडत गेली, होडीपेक्षा हातभर रुंद. दोन्ही अंगांना लाटा भिंतींसारख्या उठत होत्या, पण पट्टीवर पाणी हलत नव्हते. राजाने जन्मात वल्हे धरले नव्हते. त्या दिवशी धरले.

मधला खडक जवळ आला. खडकावर आगीपाशी माणसे उभी होती, हाडांवर कपडे टांगावे तशी. सगळ्यांत पुढे आई होती.

राजा वल्हे थांबवून म्हणाला, "आधी तुझ्या आईला आणि तिच्या माणसांना घेऊ. मावतील तेवढी किनाऱ्याला पोचवू. तोवर ही वाट मिटेल, मिटू दे. सोन्याचे पुढच्या पुनवेला पाहू."

हे नवलाईच्याही मनात आले होते. करवंटी रिकामी केल्यापासून दुसरे काही तिच्या मनात आलेच नव्हते. आई हाकेच्या अंतरावर होती. वल्ह्याचा एक फटका डावीकडे दिला की झाले.

"पुढच्या पुनवेला तुम्ही याल, महाराज?"

राजाने नजर वल्ह्याकडे वळवली.

"तुम्ही मनाने चांगले आहात, म्हणून खोटं बोलवत नाही तुम्हाला," नवलाई म्हणाली. "ही वाट दुसऱ्यांदा उघडणार नाही. होडीही लहान आहे. आईला घेतलं तर तिची माणसं राहतील. सगळी मावली तरी पुढचं गलबत राहील, आणि त्याच्या पुढचं. आपण सरळ जाऊ."

ती खडकाकडे पाहणार नव्हती, पण पाहिले. आई हाक मारत नव्हती. होडीचे तोंड कुठल्या दिशेला आहे, ते तिने तांडेलाच्या नजरेने केव्हाच हेरले होते. तिने उजवा हात समोर ताठ धरला आणि तसाच ठेवला. गलबतावर ही खूण सगळ्यांना माहीत असते. सुकाणू हलवू नकोस, असा तिचा अर्थ.

"आणि परत यायची वाट मिळाली नाही तर?" राजाने विचारले.

"म्हणून जोरात वल्हवा, महाराज."

घुमरीच्या घशाशी पाणी पिवळे झाले. पाण्याखाली सोन्याचा डोंगर होता. नारळावर नारळ, गोळ्यावर गोळा, एकाला दुसरा चिकटलेला, घुमटासारखा पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत चढत आलेला. त्याच्या दोन बाजूंना दोन समुद्र धडका देत होते. आणि तो डोंगर म्हणत होता, "अजून, अजून, अजून."

राजाच्या डोक्यावरचा मुकुट उडाला आणि ढिगाला जाऊन चिकटला. बोटांतल्या अंगठ्या गेल्या, गळ्यातला कंठा गेला. उघड्या डोक्याचा राजा कुठल्याही म्हाताऱ्या माणसासारखा दिसू लागला. नवलाईची फुली मात्र जागची हलली नाही.

राजाने पाण्यात हात घालून सोन्यावर ठेवला आणि घसा साफ केला.

"आम्ही, महाराजाधिराज मेघसेन, आमच्या पुण्यवान पूर्वजांनी महासागरांच्या चरणी अर्पण केलेल्या या सुवर्णराशीस—"

"अजून," सोने म्हणाले.

"साधं बोला, महाराज," नवलाई म्हणाली. "अर्पण नाही. टाकलेलं."

मागे निळी पट्टी किनाऱ्याच्या बाजूने थरथरू लागली होती. राजाचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. पणजोबाच्या तसबिरीखाली बसून त्याने आयुष्यभर नमस्कार केले होते.

"महाराज, त्यांना झोप येत नव्हती," नवलाई जरा हळू म्हणाली. "ते दमले होते. एवढंच सांगायचं आहे."

राजाने डोळे मिटले. "हे आमचं आहे," तो म्हणाला. "आमच्या पणजोबांनी ते इथे टाकलं. मान म्हणून नाही. त्यांना ते ऐकवत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी त्यावर आणखी टाकलं." मग त्याने हात दाबून धरला. "पुरे."

सोने गप्प झाले.

पिढ्यान्‌पिढ्या जी हाक थांबली नव्हती ती थांबली, आणि पहिल्यांदा किनाऱ्यावरच्या माणसांना लाटांचा नुसता लाटांसारखा आवाज ऐकू आला. ढिगाने धरलेले सुटले. एक नारळ निसटून घरंगळला, त्याच्यामागून दुसरा, मग सगळाच डोंगर विस्कटला आणि खोल दरीत उतरत गेला. उगवतीकडून ऊन पाणी आले. मावळतीकडून गार पाणी आले. होडीतल्या दोघांनी आता आपटणार म्हणून अंग चोरले. पण लाटा आपटल्या नाहीत. एकमेकींच्या कमरेला हात घातल्यासारख्या त्या गोल फिरल्या आणि पुढे गेल्या. होडी एकदा हलली, पाळण्यासारखी, तेवढेच.

निळी पट्टी मिटली, कारण आता सगळे पाणीच निळे होते.

ते खडकाला लागले तेव्हा आई काठावर उभी होती. गालफडे बसलेली, ओठ फुटलेले, हाताखाली एक भलेमोठे लाकूड. ते गलबताचे सुकाणू होते. गलबताचे तेवढेच उरले होते.

"होडी फार वाकडी चालवलीस," आई म्हणाली.

"महाराज वल्हवत होते."

आईने राजाकडे पाहून मान लववली. मग लेकीच्या चेहऱ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"डोलकाठी जाळलीत, फळ्या जाळल्यात," राजाने विचारले. "हे कसं ठेवलंत? याच्यावर अजून थोडे दिवस निघाले असते." शब्द तोंडून गेल्यावर तो दचकला. पण कोणीच हाकेला उत्तर दिले नाही. तो आता नुसता शब्द होता.

"हे जाळून मग परत कशाने जायचं, महाराज?" आई म्हणाली.

किनाऱ्यावरच्या नावाड्यांनी आता आपल्या होड्या काढल्या आणि खडकावरची सगळी माणसे तांदळाच्या उरलेल्या गोणींसह वाळूवर आली. राजगुरू नारळाच्या गाड्यापाशी तसेच उभे होते.

"याचे आता काय करायचे?" त्यांनी विचारले. त्या राज्यात राजगुरूंनी कोणाला काही विचारल्याची ही पहिलीच खेप.

राजाने नारळावर हात ठेवला, पुरे म्हणाला, आणि सोनाराला बोलावणे धाडले. ज्या घरातून जे आले होते, ते त्या घरी घडवून परत गेले. पुढे भरतीबरोबर दोघी बहिणींनी तळातले सोनेही गोट्या-गोट्या करून वाळूवर आणून टाकले, त्यांना ते नकोच होते. कोळणींनी त्यांचे मणी केले आणि शिशाच्या जागी जाळ्यांना बांधले. जाळी छान बुडत. कुरवाला ताजा मासा मिळाला, आणि त्यानंतर त्याने प्रत्येक गोष्टीला ताजाच मागितला.

पण ते सगळे नंतर. त्या सकाळी हिराई वाळूतून चालत गेली ती धुराच्या लोटापाशी. तिथे तिचा भाऊ अजून काठीने पाला ढकलत होता, डोळ्यांतून पाणी गळत होते, आणि कुणी किनाऱ्याला लागले आहे हे त्याला धुरात दिसलेही नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "विझव आता. मी आले."

त्या राज्यात सूर्य थोरलीच्या घरून निघतो आणि धाकटीच्या घरी पोचतो. मधल्या दारात त्याला, किंवा दुसऱ्या कुणालाही, कोणी अडवत नाही.